कवचांचं वजन

५ जानेवारी, सिरसाळा
पुणं सुटलं आणि अखेर स्वतंत्र खोली मिळाली! इथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी संपवायची. घरमालकीण जगदेवीकाकूंनी आल्याआल्या धपाटे आणि दही पुढ्यात ठेवलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. समुद्रतळाच्या गाळातून सूक्ष्मजीवांची कणाएवढी कवचं वेचायची आणि त्यांच्यावरून चार कोटी वर्षांपूर्वी हवेत कर्बवायू किती होता ते काढायचं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, हितं प्यायला पाणी न्हाई अन् तुमी समुद्र कुठून आणलाव. मी पोट धरून हसले.

९ जानेवारी
कापूस! समोरच्या जिनिंगमधले तंतू उडून थेट कवचांच्या ताटलीत. म्हणून खिडक्या बंद, दार बंद. पंखा लावायची तर सोयच नाही, एका झुळकेत कवचं उडतील. त्यात वजनं जुळत नाहीत. पुण्यात मोजलेलीच कवचं इथे जास्त भरतात. काटा पुन्हापुन्हा तपासला, ठीक आहे. पीएचडीचे गाईड सर फोनवर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. डोकंच फिरलं माझं.

१६ जानेवारी
संक्रांतीला घरी जाऊन आले. तेवढ्या दिवसांत वजन जैसे थे. आज दुपारभर ताटलीवर वाकून बसले आणि परत वाढलं. हे जीव जिवंतपणी कवचाला एकेक कप्पा जोडत वाढतात. भिंगाखाली पाहिलं तर कवचाला एक नवा कप्पा, ताजा, पारदर्शक. हे जीव मरून चार कोटी वर्षं झालीत.

१९ जानेवारी
दिवेलागणीला प्रत्येक खोलीत निरांजन फिरवायचा काकूंचा नेम आहे, भाडेकरूच्याही. आज ज्योत ताटलीकडे आडवी झाली आणि विझली. बंद खोलीत, वारा नसताना. काकू जागच्या जागी थबकल्या. "आडात उतरायच्या आदी आमी दिवा सोडून बघतो. इझला तर उतरत न्हाई. तुमी भाईर या, ते फेकून द्या."
फेकून कसं देऊ? एवढाच गाळ उरलाय. महिनाअखेर आकडे दिले नाहीत तर पीएचडीची नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

२१ जानेवारी
दम लागतो. ओसरीवर बरं वाटतं, आत आलं की पुन्हा— कप्पे माझ्या श्वासातल्या कर्बवायूवर वाढतात. आज डोळ्यांसमोर वाढताना पाहिले. श्वास सोडला, कप्पा. सोडला, कप्पा. भीती वाटते आणि चीडही येते. सगळे आकडे मीच नासवले. ती जुनी हवा नाहीच, माझीच—

२२ जानेवारी
काकू दार वाजवताहेत. जुने कप्पे अजून शाबूत आहेत. तेवढे वेगळे केले की निघते. श्वास रोखून धरलाय, म्हणजे वाढणार नाही—
वाढला.
मी तर सोडलाच नव्हता. म्हणजे कप्पेच आता माझा श्वास आतून ओढून—