काउंटर भरलेलं, गोदाम रिकामं

देवळी, १२ जानेवारी २००३

ती. सौ. रुख्माताईस,

सुमित्राचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा राग, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करते.

मी आळशी नाही, हे आता वर्ध्याच्या लॅबनं लिहून दिलंय! वर्षभर धुण्याची बादली गच्चीवर नेताना मी जिन्यातच बसायची आणि घरातले म्हणायचे, टीव्ही पाहून थकते. (टीव्ही पोळ्यापासून बंद आहे.) साधी तपासणी केली, तर हिमोग्लोबिन बारा, म्हणजे काही कमी नाही. मी मॅट्रिक पास झाल्यासारखा तो रिपोर्ट आमच्या यांनी गिऱ्हाइकांना दाखवला. मग मीही हट्टाला पेटले. एकटीनं बस धरली आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, हिमोग्लोबिन म्हणजे काउंटरवरचा माल. गोदामात लोखंड किती उरलंय ते फेरिटिन सांगतं. खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्याच्या बायकोला याहून काय समजावायचं?

पण रक्त दिलं त्या दिवशी अंगात ताप होता. आकडा आला चाळीस. हे खूश. "पाह्य, गोदाम भरून हाय! उगाच डोकं खाऊन राह्यली." डॉक्टरीणबाईंनी मात्र तो कागद बाजूला सारला. तापात हा आकडा खोटाच फुगतो म्हणे, बरं वाटल्यावर पुन्हा करा. हे घरी सांगितलं आणि यांना पहिल्यांदाच काहीतरी पटलं. "म्हंजे बँकवाले माल पाहाले आले का आपन शेजारच्याचे पाइप आणून मांडतो, तसंच ना?" (हे कुठं बोलू नकोस.)

ताप गेल्यावर पुन्हा रक्त दिलं. आकडा आठ. यांनी रिपोर्ट दोनदा उलटून पाहिला. मग म्हणाले, "लोखंडवाल्याच्या घरीच लोखंड नाई! गिऱ्हाईक काय म्हनन?" तेव्हापासून बादली तेच वर नेतात. चहानं लोखंड अंगी लागत नाही म्हणून माझा जेवणानंतरचा चहा त्यांनी बंद केला आणि तो स्वतः पितात. वरणात नवा खिळा उकळायचा त्यांचा बेत मी हाणून पाडला. गोळ्या लिंबाच्या सरबताबरोबर घेते, आणि कुणी काहीही म्हणो, गोदाम भरल्याशिवाय सोडणार नाही.

तुझी,
सुमित्रा

ता. क. : येताजाता कच्चे तांदूळ खायची माझी सवय याच दुखण्याची खूण निघाली. माहेरी आणखी कुणी तांदूळ, माती असलं काही खातं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं.

ता. क. दुसरा : ताई, दिवाळीत तुझ्या चुलीमागची भिंत मी पाहिली. एवढ्या उंचावर उंदीर माती कोरत नाहीत. पुढच्या सोमवारी हे तुला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला अल्लीपूरला येताहेत. नाही म्हणू नकोस, मला बहीण एकच आहे. ताप असेल तर मात्र आधी कळव.