बादलीभर स्क्रू आणि चार स्वयंसेवक

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांचा गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजींना ऐकू यायला लागलं, की अजून त्यांच्या सोयीनुसारच येतं? मी ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण सांगण्यासारखा आजारही नाही. फोन न करता पत्र का लिहितोय ते पुढे येईलच. आधी तू काय करून ठेवलंयस ते ऐक.

माझ्याकडे दर शनिवारी कॉलेजची चार मुलं सेवेला येतात, त्यांच्या संस्थेला तू आभाराचं पत्र धाडलंस. चांगलं तीन पानी. ‘माझ्या धाकट्या भावाचं तुम्ही नातवंडांच्या मायेने करता’ वगैरे. ऑफिसातल्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच पडला म्हणे, कारण त्यांच्या यादीत मी ‘निराधार’ म्हणून आहे, आणि निराधार माणसाला अशी सख्खी बहीण असून चालत नाही. आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई स्वतः चौकशीला येणार. बहीण खरी निघाली की माझं नाव कटणार आणि मुलं दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याकडे जाणार. जाऊ देत, मी म्हणतो. सहा महिन्यांत त्यांनी माझी जी दैना केली, ती आता दुसऱ्याने भोगावी.

मुळात मी या यादीत शिरलो कसा, हे तुला सांगितलंच नव्हतं (लाजच वाटली). पंखे दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा एक टेबल फॅन उरला होता, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. नवीन वायंडिंग करून, जाळी रंगवून मी तो त्यांच्या शिबिरात दान द्यायला गेलो. देणाऱ्यांची रांग उन्हात होती आणि घेणाऱ्यांची मांडवात. मी आपला शहाणपणा करून मांडवात उभा राहिलो. त्यांनी पंखा काढून घेतला, हातात एक ब्लँकेट ठेवलं आणि नाव-पत्ता लिहून घेतला. पंधरा दिवसांनी ही चार मुलं टाळ्या वाजवत दारात हजर, आणि तोच पंखा त्यांनी मला भेट दिला, फोटोसकट. (मधल्या काळात कुणीतरी त्याचं पातं उलटं बसवलं होतं, त्यामुळे वारा मला न लागता भिंतीला लागत होता.) तोच फोटो मी तुला पाठवला. त्याच्या मागे संस्थेचा पत्ता छापलेला आहे हे मी पाहिलं नाही, ही माझी चूक.

त्याच दिवशी त्यांच्यातली चष्मेवाली फॉर्म घेऊन बसली. म्हातारा म्हणजे बहिरा, असं तिने धरूनच टाकलं होतं, त्यामुळे माझी जन्मतारीख वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळली. नातेवाइकांचा रकाना आला तेव्हा तिने ओरडून विचारलं, “आजोबा, तुमच्याकडे कोण कोण येतं?” मी म्हटलं, “कोणी नाही.” तिने तसं लिहिलं. यात खोटं काय होतं, ते मला अजून सापडलेलं नाही. आमची ही गेली तेव्हा तू आली होतीस, त्याला चार वर्षं होतील (मोजत बसलेलो नाही, सहज लक्षात आहे).

मग त्यांनी घराला उत्साही रूप द्यायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. माझ्यासाठीच चाललं होतं ना. भिंती पिवळ्या झाल्या, खिडकी पिवळी झाली, दिव्याची बटणं रंगात चिकटून बसली. फोनशेजारच्या भिंतीवर मी पेन्सिलने सगळे नंबर लिहिले होते, तेही उत्साहाखाली गेले. डॉक्टर गेला, गॅसवाला गेला, तू गेलीस. तुझा फोन आला की नंबर विचारून घेऊ म्हणून थांबलो. तीन महिने झाले.

पण खरा घात झाला तो स्क्रूंचा. दुकानातले स्क्रू, नट आणि वायसर मी आटे बघून एकतीस बरण्यांमध्ये लावून ठेवले होते. चाळीस वर्षांचं काम. लंबू नावाच्या मुलाला बरण्या कळकट दिसल्या. त्याने सगळ्या एका बादलीत ओतल्या, बरण्या घासून लख्ख केल्या आणि माझ्यापुढे ओळीने मांडून कौतुकाची वाट पाहत उभा राहिला. ताई, मी खाटेवर बसलो आणि चक्क रडलो. मुलांना वाटलं आनंदाने रडतोय. त्याचाही फोटो आहे.

चूक कळल्यावर मात्र पोरं ओशाळली. तेव्हापासून दर शनिवारी दहाला येतात, जमिनीवर फतकल मारून बसतात आणि स्क्रू वेगळे करतात. लंबूला अजून आटा कळत नाही. चष्मेवाली आता डोळे मिटून नुसत्या बोटाने साइज सांगते, पण त्यावरून दोघांची भांडणं. हा कुठल्या पंख्याचा, तो कुठल्या मिक्सरचा, असं विचारून विचारून माझ्या घशाला कोरड पाडतात. जाताना एका कागदावर पाच तोंडं छापलेली असतात, त्यातल्या आपल्या मनासारख्या तोंडावर खूण करायची. हसऱ्यावर केली की पिशव्या उचलतात. रडक्यावर केली की ‘संवादासाठी’ आणखी तासभर थांबतात. मी दर वेळी रडक्यावर करतो, ते निव्वळ प्रामाणिकपणाने. सात शनिवार झाले, बादली अर्ध्याच्या खाली जात नाही. हल्लीच्या मुलांना कामाचा उरक म्हणून नाही.

तेव्हा तुझ्या पत्राने ही ब्याद टळत असेल तर उपकारच झाले. मला आता कशातच राम वाटत नाही. सकाळी उठतो, बरण्यांकडे बघतो, परत आडवा होतो. भावोजींना नमस्कार (मोठ्याने सांग).

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. : उरकाचं वर लिहिलंय ते खोडून टाक. पोरं दर शनिवारी चार-पाच बरण्या पुऱ्या करून जातात. त्यातल्या तीन मी शुक्रवारी परत बादलीत ओततो. बादली रिकामी झाली तर ती पुढे कशाला येतील?

आणखी ता. क. : म्हणून एक काम कर. संस्थेला दोन ओळी लिही, की घाईत भलत्याच माणसाचे आभार मानले गेले, मला भाऊ नाही. बाईंना तेवढं पुरेल. तुझ्या हातून असं लिहून घेताना मला काय होतंय ते विचारू नकोस. पण सहा दिवस या घरात मी कुणाशी बोलत नाही गं, आणि सातवा गेला तर मी काय करू, ते मला कळत नाही.

शेवटचं : खोटं लिहिणं तुला जमायचं नाही, हे मला ठाऊक आहे. नाही जमलं तर नको लिहूस, त्या शनिवारपासून तू ये. कंबरेला सोसेल तसं, दर शनिवारी नाही तरी अधूनमधून. दोन्हींतलं एक काहीतरी कर. दहा वाजता दार वाजलं पाहिजे.