केर न काढलेलं घर

बान नोंगखाम, सुरिन
२३ ऑगस्ट

प्रिय बुन्सोंग,

तू आणि खामनोई दोघंही मजेत असाल. खारी हवा हत्तिणीच्या कातडीला सोसत नाही असं बाबा म्हणायचे, तेव्हा तिला गोड्या पाण्याने धूत जा. इकडे भातलावणी उरकली, पाऊस बेताचाच आहे, आई बरी आहे, फणस यंदा कमी आले.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू "हं, बघतो" म्हणतोस, तेवढ्यात मागे कुणीतरी पर्यटक किंचाळतो आणि तुला जावं लागतं. कागदाला तसं तोडता येत नाही, म्हणून कागद.

मला यंदा आठवीचा वर्ग दिलाय. पुस्तक तेच, आपण दोघांनी शाळेत वाचलेलं: माहूत हत्तीला घेऊन उत्तरेच्या लाकडाच्या छावणीत कामाला जातो, हत्ती साखळी तोडतो आणि वाघ, वणवा, नद्या ओलांडत एकटा घरी चालत येतो. देशभरातली मुलं पिढ्यानपिढ्या त्यावर रडत आली आहेत. लेखक बँकॉकचे मोठे गृहस्थ. हत्ती त्यांनी बहुधा मिरवणुकीत पाहिला असावा, तोही गच्चीवरून. त्यांचा हत्ती पानंच्या पानं विचार करतो आणि पुस्तकभर काही खात नाही. आपल्या गावातली पोरं हत्तीच्या पायांत रांगलेली. पहिल्याच दिवशी फुवादोनने विचारलं, "बाई, हा लीद कधी टाकतो?"

मी म्हटलं, "साहित्यात टाकत नाहीत."

"मग पोट बिघडलंय त्याचं. वाघाचं राहू द्या, आधी त्याला चिंच द्या."

तरी सांगते, वर्गाला पुस्तक आवडलंय. शंका त्यांनाच येतात ज्यांना गोष्ट खरी वाटते. नदीत पाणी किती होतं, साखळी तुटली तर पायातलं कडं कुठे गेलं, माहूत मागे का धावला नाही. मला उत्तरं येत नाहीत. मीही आता रोज नव्या कुतूहलाने वाचते, आणि हे मी मुख्याध्यापकांना सांगितलेलं नाही.

चाचणीत प्रश्न होता: हत्तीने साखळी का तोडली? अपेक्षित उत्तर, स्वातंत्र्याची ओढ. अख्ख्या आठवीने लिहिलं, "घरी माहुताच्या बायकोने केर काढला असणार."

मुख्याध्यापक शहरातले, नवीन आलेले, सज्जन आहेत. पेपरांचा गठ्ठा घेऊन वर्गावर आले. "साईबुआबाई, यांनी सरळ एकमेकांचं पाहून लिहिलंय."

"नाही सर, आपापल्या आजीचं ऐकून लिहिलंय."

मग सुनिसा उभी राहिली. आपल्या शेजारची, थोंगदी मावशीची नात. तू गेलास तेव्हा तिचे पुढचे दात पडले होते. तिने सरांना शिकवलं: माणूस हत्ती घेऊन बाहेर पडला की घरातल्या बाईने केर काढायचा नाही, केस कापायचे नाहीत, परक्याला जिना चढू द्यायचा नाही, आणि एक रात्रसुद्धा दुसरीकडे झोपायचं नाही. नाहीतर तिकडे हत्ती सुटतो.

"असं कधीपर्यंत?"

"तो परत येऊन, हत्ती धरायच्या दोरात राहतो त्या देवासमोर 'आलो' म्हणेपर्यंत."

सरांना गंमत वाटली. हसून विचारलं, "आणि मध्येच ती बाई आजारी पडली तर?"

बुन्सोंग, सगळा वर्ग सरांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला.

वर मी आई बरी आहे असं लिहिलंय. पत्राची सुरुवात तशी करायची असते. आईच्या पित्ताशयात खडे आहेत. गेल्या महिन्यात दोनदा ताप चढला, डोळे पिवळे झाले. सुरिनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी बारा सप्टेंबर दिलाय आणि बजावलंय की आणखी थांबलात तर विष अंगभर पसरेल. दोन रात्री तिथे राहावं लागेल. आई म्हणते, दिवसा कापत असाल तर कापा, झोपायला मी घरी येणार.

तू भांडून गेलास. "ह्या दोराने पोट भरत नाही," म्हणालास आणि देवाला हातही न जोडता ट्रक काढलास. मागून आईनेच तुझ्या नावाने दोराला कोंबडी आणि दारू दाखवली. तू मोकळा सुटलास आणि ती बांधली गेली. तेव्हापासून झाडू दाराआड टांगलेला आहे. केस कमरेखाली आलेत. डॉक्टर तपासायला घरी आले, त्यांना तिने जिन्याखाली म्हशीशेजारी बसवून जीभ दाखवली. मी पदवीधर, अंधश्रद्धेवर दर वर्षी भाषण देते, आणि घर ओल्या फडक्याने पुसते. पुसण्याबद्दल नियमात काही नाही, मी विचारून घेतलंय.

पर्यटक फिरवणं म्हणजे काही रानात जाऊन हत्ती धरणं नव्हे, हा मुद्दा मी आईपुढे मांडून पाहिला. हरले. मग वर्गात मांडला, अर्थात पुस्तकाच्या नावाखाली. फुवादोन म्हणाला, "धरतातच की बाई. हत्तीऐवजी पर्यटक धरतात." बरीच चर्चा झाली. आठवीचा निकाल असा: हत्तीण मागाहून ट्रकने आली तरी चालेल, पण बाहेर गेलेल्या माणसाने स्वतः यायला हवं. निकाल आईला ऐकवला. तिने पान जुळवता जुळवता विचारलं, "कोण म्हणालं, थोंगदीची नात ना? हुशार आहे," आणि नाही म्हणाली नाही. आईचं नाही न म्हणणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

आईने तुला हे कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. जिभेला घातली होती, हाताला नाही. पुसण्यासारखंच.

माफी मागायला ये असं मी म्हणत नाही. दोर खरा मान असंही नाही. जिना चढायच्या आधी दोरासमोर उभा राहा, 'आलो' एवढा एक शब्द म्हण, आणि मग हवं तर पुन्हा जा.

शेवटचं प्रकरण मी अजून शिकवलेलं नाही. मुलं रोज मागतात. मी सांगितलं, तोवर तुम्हीच शेवट लिहा. बाकीच्यांनी वाघ परत आणले. सुनिसाने एवढंच लिहिलं: "तो आला. तिने केर काढला. मग ती दवाखान्यात झोपायला गेली."

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिलेत. ते खोटे पडू देऊ नकोस.

झाडूवरची कोळिष्टकं काढून ठेवणारी,
तुझी ताई
साईबुआ