पेन्शनगाडी

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस, गाडी कधी विकताय, आणि मी पुन्हा ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. तुझा आवाज अगदी खणखणीत येत होता. फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हापासून तू हा धोशा लावला आहेस, आणि जावईबापूही तुझीच री ओढतात. मी दर वेळी खांबाला दोष देतो. तो खांब घर बांधलं तेव्हापासून तिथंच उभा आहे, हे मलाही कळतं गं. पण फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही, तू लगेच 'बाबा, मीटिंग आहे' म्हणून ठेवून देतेस. म्हणून आज कागद घेऊन बसलो आहे. अक्षर वाकडंतिकडं झालंय, सांभाळून घे.

शाळेत असताना तू आपल्या गाडीला पेन्शनगाडी म्हणायचीस. ती आधीची गाडी, आताची ही तिचीच धाकटी बहीण. शाळेच्या दारात सोडायला आलो की 'कोपऱ्यावरच उतरवा' म्हणून हट्ट धरायचीस, आणि तरी तुझ्या मैत्रिणी लांबून ओरडायच्याच, 'तुझी पेन्शन आली बघ!' तुझ्या आईला हे इतकं आवडलं होतं की शोरूममधून मला यायला उशीर झाला की ती शेजारणीला सांगायची, अजून पेन्शन आली नाही. मला मात्र राग यायचा. दिवसभर ज्या गाड्या मी गिऱ्हाइकांच्या गळ्यात घालत होतो, त्यांना माझ्याच घरात हसत होते.

पण खरं सांगू का, ही गाडी म्हाताऱ्यांची नव्हतीच. मी शोरूमला लागलो तेव्हा भिंतीवर जे मोठं पोस्टर होतं, त्यात एक जोडपं होतं, वाऱ्यानं केस विस्कटलेलं, मागे समुद्र. येणारी गिऱ्हाइकंही तशीच, नवी नोकरी, नवं लग्न. मी कुणालाही इंजिनाबद्दल काही सांगायचो नाही. माझं एकच वाक्य ठरलेलं होतं, 'घेऊ नका, नुसतं बसून तर पाहा.' माणूस बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं की त्या दाराच्या दबक्या आवाजावर अर्धं काम होऊन जायचं. मग ती माणसं आमच्याकडेच येत राहिली. दुसरी गाडी घ्यायला आली तेव्हा चष्मा लागला होता, तिसरी घ्यायला आली तेव्हा गुडघे धरले होते. सीट जरा उंच करा, बटणं मोठी करा, खड्ड्यात फार आदळू देऊ नका, असं सांगायची, आणि कंपनी बिचारी त्यांचं सगळं ऐकायची. इतकं ऐकलं की तरुण पोरं शोरूमच्या काचेतून आत बघायची, आपले आईवडील बसलेले दिसायचे आणि पुढे निघून जायची. शेवटी शेवटी ते पोस्टर काढलं आणि तिथं पाठीला आराम देणाऱ्या सीटचं चित्र लावलं. लोक म्हणतात गाडी जुन्या वळणाची झाली. माझं म्हणणं, तिला सोडून कुणी गेलं नाही एवढंच झालं.

तुझी आई मात्र गेली. तिच्या पाठीसाठी शेजारची सीट थोडी मागे रेलवून ठेवली होती, ती अजून तशीच आहे. भाजीची पिशवीसुद्धा मी मागे ठेवतो. तू म्हणतेस, बाबा, तुम्ही काम नसताना कशाला गाडी काढता? अगं, घरात मी एकटा असतो. गाडीत फक्त शेजारची सीट रिकामी असते. दोन्हीत फार फरक आहे, तो फोनवर सांगता आला नसता. चौकात वळताना मी अजून 'येतंय का कुणी त्या बाजूनं?' असं विचारतो. ती बघून सांगायची ना. आता कुणी सांगत नाही, मी अंदाजानं वळतो.

बुधवारी डोळे दाखवायला गेलो होतो. हे तुला सांगितलं नव्हतं, आता चिडू नकोस. तपासणी झाली, डॉक्टर बराच वेळ बोलले, आणि मी आपल्याच तंद्रीत बाहेर आलो. त्या दवाखान्याच्या आवारात तू एकदा पाहायला हवं होतंस, माझी पेन्शनगाडी शोधायला गेलो तर ओळीनं सगळ्या पेन्शनगाड्याच! सगळ्या चंदेरी, सगळ्यांच्या मागच्या काचेपाशी टोपी नाहीतर छत्री. मी आपली म्हणून एकीचं दार उघडलं आणि बसलो. सीट माझ्या मापाची, पाठीमागे तशीच उशी, आरशाला फडकं अडकवलेलं तेही तसंच. आणि शेजारून आवाज आला, "मिळाली का औषधं?"

काळा चष्मा लावून एक बाई बसल्या होत्या, डोळ्यांत नुकतेच थेंब घातलेले. भिंगरी, मी लगेच उतरायला हवं होतं. पण मी "हं" म्हणालो. सगळ्या नवऱ्यांचं 'हं' एकसारखंच असतं बहुतेक, त्यांना काही शंका आली नाही. "मग पट्टा लावा आणि सावकाश चला, आपल्याला कसली घाई आहे," म्हणाल्या. आणि मी पट्टा लावला. किती दिवसांनी त्या बाजूनं कुणी बोललं होतं गं. हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

काचेवर टकटक झाली. औषधांची पिशवी घेऊन खरे यजमान उभे! मी काच खाली केली. त्यांनी निरखून पाहिलं आणि हसतच सुटले, "तुम्ही ते शोरूमचे 'बसून तर पाहा' ना? आज तुम्हीच बसलात की!" पहिली गाडी त्यांनी माझ्याकडूनच घेतली होती. बाई तर हसून हसून डोळे पुसत होत्या, थेंबही वाया गेले असतील. मग त्यांनीच मला घरी सोडलं. मी मागे बसलो होतो. सगळ्या वाटेनं त्या 'जरा हळू' म्हणत होत्या, स्वतःला धड दिसत नसताना. मी खिडकीबाहेर बघत होतो.

आपली गाडी असताना त्यांनी का सोडलं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, असं डॉक्टर म्हणाले. ते परत येत नाही, आणि गाडी आजपासून बंद. तेव्हा तू जिंकलीस. गाडी दवाखान्याच्या आवारातच उभी आहे, रखवालदाराला मी सांगून ठेवलंय की माझी मुलगी न्यायला येईल. किल्ली माझ्याजवळ आहे आणि ती मी पाठवणार नाही, पाठवली तर तू एखादा ड्रायव्हर धाडशील. तूच ये. विकायची असेल तर नंतर खुशाल विक, मी खांबाचं नावसुद्धा काढणार नाही. फक्त तिथून घरापर्यंत तू चालव. मी तुझ्या आईच्या जागेवर बसेन, ती सीट न हलवता. इतकी वर्षं तिला तिथून काय दिसत होतं, ते मला जेवढं दिसतंय तेवढं पाहायचं आहे. मला कोपऱ्यावरच उतरवायचं असेल तर उतरव, पण एकदा, नुसतं बसून तर पाहा.

तुझाच,
पट्टा लावून वाट पाहणारा,
बाबा