सदर जागेची कडक धुलाई

४ फेब्रुवारी, सकाळ
आंघोळ करताना सदर जागी लाली दिसली. पुढची कातडी किंचित सुजलेली, खाजही. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी नाव लिहीत नाही. सदर जागा म्हणजे सदर जागा. घाबरण्याचं कारण नाही. उभं आयुष्य लाँड्रीत गेलं, डागांबद्दल मला कोणी शिकवू नये. स्वच्छता कमी पडली, एवढंच. आजपासून सकाळ-संध्याकाळ साबण.

५ फेब्रुवारी
सकाळ-संध्याकाळ पुरेना. येता-जाता साबण लावला. लाली वाढली आहे. म्हणजे मळ सुटून वर येतोय. शुभलक्षण.

७ फेब्रुवारी, दुपार
हॉस्पिटलच्या चादरी ज्या जंतुनाशकात भिजवतो, ते झाकणभर घेऊन मगभर पाण्यात टाकलं. परिणाम तत्काळ. बाथरूमभर उड्या मारल्या. बायकोने दार ठोठावून विचारलं, अहो, पडलात की काय? म्हटलं, व्यायाम चाललाय. ती म्हणाली, तुमचा व्यायाम? मग बादली तेवढी सांभाळा.

८ फेब्रुवारी
रात्रीचा मुक्काम दुकानामागच्या इस्त्रीच्या खोलीत हलवला. बायकोला कमरेचं कारण सांगितलं. कडक फळीवर झोपायचा सल्ला मिळालाय, म्हटलं. कोणी दिला, म्हणाली. म्हटलं, अनुभवाने. तिने माझी चादर आणून दिली.
महिनाअखेर आम्ही दोघं थंड हवेच्या ठिकाणी जाणार आहोत. लेकीच्या लग्नापासून ती मागे लागली होती, शेवटी तिनेच फोन करून खोली ठरवली. तोवर मी ठणठणीत असेन. शंकाच नाही.

११ फेब्रुवारी
परिस्थिती आहे तशीच, म्हणजे थोडी वाईट. त्वचेची डॉक्टर दोन दुकानं सोडून बसते. पण तिचे पांढरे कोट आमच्याकडे येतात. जिच्या कॉलरला मी स्वतः खळ देतो, तिच्यासमोर असल्या कामासाठी उभं राहायचं? अशक्य. युक्ती केली. कोट पोचवायला गेलो आणि सहज विचारलं, माझ्या एका मित्राला असं असं झालंय.
वय काय, तिने विचारलं. म्हटलं, माझ्याएवढंच. मित्राला तहान फार लागते का, रात्री लघवीला उठतो का? म्हटलं, उठतो, पण पाणी पितो म्हणून उठतो. ती म्हणाली, मित्राला सांगा, साबण, जंतुनाशक, पावडर, सगळं बंद. कातडी सहज सरकेल तेवढीच मागे घ्यायची, ओढायची नाही. नुसत्या कोमट पाण्याने धुवायचं, हलकेच कोरडं करायचं. आणि त्यांना पाठवा, रक्तातली साखर बघायला हवी.
साबण बंद! आणि हे लाँड्रीवाल्याला! मुलगी हुशार आहे, पण धुण्यातलं तिला काय कळणार. साखर माझ्या मेहुण्याला आहे, मला नाही. मी चहात तीन चमचे घालतो, आजवर काही झालेलं नाही.

१४ फेब्रुवारी
बायकोने नवा गाऊन घेतला. मोरपिशी. घालून इस्त्रीच्या खोलीच्या दारात आली आणि कसा दिसतो म्हणाली. कापड चिमटीत धरून पाहिलं. म्हटलं, रंग जाणार, पहिल्या धुण्याला वेगळा भिजव. ती दिवा मालवून गेली. सल्ला पटलेला दिसला.

१६ फेब्रुवारी
मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ, बिस्किटसुद्धा मोजून खाणारा. मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊजी, ताईशी काही बिनसलंय का? फोनवर रडत होती. म्हटलं, सॉफ्टनरच्या वासाने तिचे डोळे चुरचुरतात. तो म्हणाला, फोनवर वास येत नाही, भाऊजी. मेहुणा फार हळवा झालाय. साखरेमुळे असेल.

१९ फेब्रुवारी
कातडीला चिरा पडल्या, आत पांढरा थर. लघवीला आग. कापड अंगाला चिकटू नये म्हणून अंडरपँटना दुप्पट खळ दिली. आता त्या जमिनीवर आपोआप उभ्या राहतात. मला मात्र बसता येत नाही.
दुपारी काउंटरवर शर्टांच्या घड्या घालताना बायकोने मान वर न करता विचारलं, मी आता आवडत नाही का तुम्हाला? केस पिकले म्हणून? असेल तर स्पष्ट सांगा, मी काही आकांडतांडव करणार नाही. उत्तर देणार तोच गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी शांतपणे सगळं समजावून सांगायचं ठरवलं. संध्याकाळी शर्ट फार होते.

२१ फेब्रुवारी
तिने थंड हवेच्या ठिकाणची खोली रद्द केली. उद्या बहिणीकडे जाते म्हणाली. कधी येणार विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला कशाला हवंय? मोठी बॅग काढली आहे. हवापालट तिला मानवेल.
झोप नाही. सकाळी बोलणारच. भाषणाची तयारी केली. प्रस्तावना, लाँड्री व्यवसाय आणि त्वचा, मग हळूच मुद्दा.

२२ फेब्रुवारी, सकाळ
टॅक्सी वेळेआधी आली. प्रस्तावना राहूनच गेली. बायको बॅग आत ठेवून बसली आणि तिने दार लावून घेतलं. मी दुकानाच्या पायरीवरून ओरडलो, अगं, कारण तू नाहीस! खाज! मला खाज सुटलीय! तिथे!
टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. समोरचा न्हावी वस्तरा धरून बाहेर आला. डॉक्टर नेमकी कोटांचं गाठोडं घेऊन फुटपाथवर उभी. ती म्हणाली, मित्र हेच का?
बायको खाली उतरली. म्हणाली, चला.

२२ फेब्रुवारी, दुपार
तपासणी अर्ध्या मिनिटात झाली. एवढ्यासाठी मी इतके दिवस फळीवर झोपलो. याला बॅलॅनायटिस म्हणतात. पुढच्या कातडीखाली बुरशी वाढली आहे, आणि मी साबणाने कातडी सोलून तिला जागा करून दिली. बोट टोचून साखर पाहिली. मेहुण्यापेक्षा जास्त निघाली. लघवीतून साखर जाते, बुरशीला आयतं खाणं मिळतं. मलम दिलं, साखरेच्या गोळ्या दिल्या, सैल सुती कपडे सांगितले. खळ म्हणताच डॉक्टर हसली. बायकोला काही त्रास असेल तर तिलाही तपासते म्हणाली. बरं होईपर्यंत संबंध नाही. पुन्हा पुन्हा झालं किंवा कातडी मागे सरकेनाशी झाली, तर लगेच यायचं, मित्राला न पाठवता.
मी सांगितलं की साखरेचा संशय मला पहिल्यापासून होता.
बायको खुर्चीत बसून होती. म्हणाली, एवढंच होतं? आणि मी रोज आरशासमोर उभी राहून माझं काय बिघडलंय ते शोधत होते! हसायला लागली. हसता हसता रडली. डॉक्टरने रुमाल दिला. आमच्याकडेच धुतलेला.
माझ्या आजाराला ‘एवढंच’ म्हटलेलं मला आवडलं नाही. पण प्रसंग पाहून सोडून दिलं.

२३ फेब्रुवारी, सकाळ
रात्री आमच्या खोलीत झोपलो. डॉक्टरांच्या सूचनेचा मान राखून मधोमध उशी ठेवली आणि तिला त्यामागचं वैद्यकीय कारण समजावून सांगितलं. मोरपिशी गाऊनमध्ये ती शांतपणे ऐकत होती. बरं म्हणाली. उशी उचलून स्वतःच्या डोक्याखाली घेतली, गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावले आणि पाहता पाहता घोरायला लागली.
माझं एक अंग अवघडून गेलं. पण डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, म्हणून सकाळपर्यंत हललो नाही.