कुंपणाच्या दोन्ही बाजूंचा खैऱ्या

तीर्थरूप बाबा,

लांबूनच नमस्कार. माझी कंबरही आता वाकताना कुरकुरते.

मी मजेत आहे. सोबतीला प्रयोगशाळेतला फ्रीज आहे. दिवसभर तेवढाच घुरघुरतो.

तुमच्या लिंबांवरच्या खैऱ्या रोगाच्या तपासणीचा निकाल लागला. जिवाणू एकच असला, तरी भागाभागातल्या त्याच्या वाणांचे डीएनएचे ठसे वेगळे असतात. तुमच्या पानांवरचा किनाऱ्याकडचा निघाला. काकांनीही गुपचूप पानं पाठवली होती, "तुझ्या बापानंच रोग दिला, सिद्ध कर" म्हणून. त्यांचा निघाला डोंगराकडचा. म्हणजे तुम्ही त्यांना दिला नाही, त्यांनी तुम्हाला नाही. दोघांनी आपापल्या रोपवाटिकेतून रोपांबरोबर कौतुकानं घरी आणला, आणि वर अबोला धरलात!

आई गोळ्या वेळेवर घेते ना?

हे पत्र घेऊन कुंपणापाशी जा. काका आधी ओरडतील, ओरडू द्या. इथे शेजारचं दार वाजलं की मी उगाच कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर येते. तोवर तो माणूस जिना उतरून गेलेला असतो. तुमच्या कुंपणापलीकडे सख्खा भाऊ उभा आहे, बाबा.

तुमचीच,
बडबडी