न सोसणारं दूध

आई, तू गेल्यापासून तुला लिहावंसं पुष्कळदा वाटलं, पण सांगण्यासारखं काही आजच घडलं. सातपूरच्या कंपनीतून घरी आले, चप्पल काढली आणि तशीच लिहायला बसले.

कळवणच्या आपल्या घरी दोन म्हशी होत्या. धारा तू काढायचीस, दूध तापवायचीस, विरजण लावायचीस. पण दूध प्यायलीस की तुझं पोट फुगायचं, कळा यायच्या. धाकट्याच्या बाळंतपणात आजी रोज तुझ्यापुढे दुधातली अळिवाची खीर ठेवायची. मायेनंच ठेवायची, पण तू नको म्हटलंस की तिला राग यायचा. "घरात दुभतं हाय आन् हिला दूध नको. नखरे नुसते." तू मान खाली घालून वाटी संपवायचीस आणि गोठ्यामागे जाऊन पोट दाबून बसायचीस. स्वतःसाठी त्यापुढे तू कधी शब्द काढला नाहीस.

मग एक दिवस, मी चौथीत असेन, चुलीपाशी पोट धरून रडते आहे. तरी आजी दुधाचा पेला माझ्यापुढे करते आणि तू तिचा हात धरतेस.

"नका देऊ, आत्याबाई. तिला सोसत नाय."

"दूध सोसत नाय, असं कुठं असतं व्हय?"

"असतं. मला बी नाय सोसत."

आजीने पेला खाली ठेवला. पुढे कितीतरी दिवस ती तुझ्याशी धड बोलली नाही. मला मात्र पुन्हा कुणी आग्रह केला नाही.

दुधातली साखर फोडायला पोटात एक एन्झाइम लागतं आणि ते आपल्या दोघींत कमी, हे मला कॉलेजात कळलं. आता तेच मी यीस्टकडून बनवून घेते. पनीर काढून उरलेल्या पाण्यावर यीस्ट छान वाढायचं, पण एन्झाइम त्याच्या पेशींच्या आत राहायचं आणि पेशी फोडताना उष्णतेनं बिघडायचं. बॅचमागून बॅच वाया गेली. साहेब म्हणाले, "मॅडम, थांबवू या का?" मी म्हटलं, "अजून थोडं बघू." शेवटी यीस्टला खाणं बेताबेतानं दिलं, हवा वाढवली, पेशी फोडताना सगळं थंडगार ठेवलं, तेव्हा कुठे मनासारखं एन्झाइम हाती आलं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर आज ते घातलेलं दूध आम्ही चाखलं. मी पेलाभर प्यायले. संध्याकाळ झाली तरी पोट शांत. बाकीचे पेढे वाटत होते आणि मला वाटत होतं, आजीला आता सांगावं की तो नखरा नव्हता. पण तीही नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? घडी घालून ठेवीन. एक गोष्ट मात्र कंपनीत कुणाला सांगितलेली नाही. साखर फुटली की दूध जास्तच गोड लागतं. मला ते आवडलं नाही, आई.